माणिकबागेचा आधुनिक राजा

२५ मे १९८० रोजी भूमध्य समुद्राकाठच्या मोनाको या चिमुकल्या संस्थानात 'सदबीज' या लिलावसंस्थेने एका घराचे सामान विक्रीस काढले. खुर्च्या, पलंग, दिवे, गालिचे अशा नित्याच्या वापरातील वस्तू त्यात होत्या. मात्र ज्यांनी त्या घडवल्या होत्या, त्यांची नावे विसाव्या शतकातील युरोपीय कलेच्या इतिहासात मानाने घेतली जातात. जगभरचे संग्राहक त्यासाठी गोळा झाले. हे सामान पॅरिसच्या किंवा बर्लिनच्या एखाद्या धनिकाच्या घरातील असावे, असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात ते इंदूरचे होते आणि ते जमवणारा रसिक होता एक मराठी संस्थानिक : महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे). त्यांच्या मृत्यूला तेव्हा अठरा वर्षे उलटून गेली होती.

होळकर म्हटले की मराठी मनात उभे राहतात ते मल्हारराव, अहिल्याबाई आणि इंग्रजांना जेरीस आणणारे पहिले यशवंतराव. पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी या लहानशा गावी जन्मलेल्या अहिल्याबाईंनी या घराण्याला देशभर आदर मिळवून दिला. मंदिरे, घाट, विहिरी, धर्मशाळा अशा सर्वांच्या उपयोगी पडणाऱ्या वास्तू हीच त्यांची स्मारके ठरली. महेश्वरच्या विणकरांनाही त्यांचाच आश्रय लाभला. त्याच घराण्यातला हा वंशज सौंदर्याच्या शोधात सातासमुद्रापार गेला आणि तिथले सर्वांत नवे ते घेऊन परतला. त्याचे काय झाले, याची ही कथा आहे.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. वडील तुकोजीराव (तिसरे) इंदूरच्या गादीवर होते. मुलाचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. आधी चीम आणि चार्टरहाऊस या शाळा, पुढे ऑक्सफर्डचे ख्राइस्ट चर्च महाविद्यालय. दरम्यान जानेवारी १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा भररस्त्यात खून झाला. इंदूर दरबार सोडून आलेल्या मुमताज बेगम या नर्तिकेला पळवून नेण्याच्या प्रयत्नात तो घडला होता. मारेकऱ्यांचे धागेदोरे इंदूरपर्यंत पोहोचले आणि देशभर खळबळ उडाली. चौकशी आयोगाला सामोरे जाण्याऐवजी तुकोजीरावांनी २६ फेब्रुवारी १९२६ रोजी गादी सोडली. साडेसतरा वर्षांचा मुलगा महाराजा झाला. तो वयात येईपर्यंत कारभार मंडळाकडे राहणार होता. वडिलांच्या नावाभोवतीचे वादळ, इंग्रज रेसिडेंटची करडी नजर आणि न मागता डोक्यावर आलेला मुकुट अशा वातावरणात त्यांचे तारुण्य सुरू झाले.

ऑक्सफर्डच्या दिवसांत त्यांची गाठ एकार्ट मुथेसियुस या तरुण जर्मन वास्तुकाराशी पडली. एकार्टचे वडील हेर्मान मुथेसियुस हे १९०७ मध्ये स्थापन झालेल्या 'वेर्कबुंड' या जर्मन संघटनेच्या प्रवर्तकांपैकी एक. कलावंत, कारागीर आणि कारखानदार यांनी हातात हात घालून काम केले, तर रोजच्या वापरातील वस्तूही देखण्या आणि टिकाऊ होतील, असा या संघटनेचा आग्रह होता. मुलगा त्याच विचारांत वाढला होता. राजेशाही थाटाच्या झुंबरांना आणि सोनेरी वेलबुट्टीला कंटाळलेल्या यशवंतरावांना या मित्रापाशी नवी भाषा सापडली. या भाषेत रेषा सरळ होती, पृष्ठभाग स्वच्छ होता आणि उपयोगातूनच आकार जन्मत होता.

या शोधात त्यांना सोबत होती ती महाराणी संयोगिताराजे यांची. कोल्हापूरचे राजर्षी शाहू ज्या कागलकर घाटगे घराण्यातून दत्तक गेले, त्याच घराण्याच्या धाकट्या पातीतील ही कन्या. १९२४ मध्ये विवाह झाला तेव्हा ती वयाने अगदी लहान होती. तिचेही पुढील शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. १९३० च्या सुमारास हे दोघे पॅरिसच्या कलाजगतात वावरू लागले. कलासमीक्षक आणि पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले आंरी-पिएर रोशे त्यांचे सल्लागार झाले. मॅन रे या छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रे टिपली. बर्नार बुते द मोंव्हेल या चित्रकाराने यशवंतरावांना आधी युरोपीय सायंपोशाखात आणि काही वर्षांनी शुभ्र मराठेशाही पोशाखात रंगवले. ही दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की एकाच माणसाच्या ठायी नांदणारी दोन जगे दिसतात. दोन्ही पोशाख त्यांना सारखेच शोभतात आणि दोन्हींत ते थोडेसे एकाकीही भासतात.

मे १९३० मध्ये यशवंतरावांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. त्याच सुमारास इंदुरात माणिकबाग या नव्या निवासाचे काम सुरू झाले. वास्तुकार मुथेसियुस पंचविशीच्या आसपासचे, तर यजमान त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. १९३३ पर्यंत इमारत आणि तिची आतील सजावट पूर्ण झाली. बाहेरून पाहता ही वास्तू राजवाड्यासारखी वाटतच नाही. कमानी, घुमट, मनोरे असे काही नाही; साध्या भिंती आणि रुंद खिडक्या एवढेच. पण माळव्याच्या कडक उन्हाचा विचार करून हवा थंड ठेवणारी यंत्रणा बसवलेली होती. दारे, दिवे आणि फर्निचर यांचा मोठा भाग जर्मनीत तयार होऊन बोटीने भारतात आला. दिव्याच्या खटक्यापासून दाराच्या मुठीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा आराखडा मुथेसियुस यांनी स्वतः काढला किंवा निवडला.

जे बाहेरून आणले गेले, त्याची निवडही तितकीच चोखंदळ होती. एमिल-जाक रुलमान यांनी १९२९ च्या पॅरिस प्रदर्शनात हिंदुस्थानच्या कल्पित युवराज-व्हाइसरॉयसाठी म्हणून एक अभ्यासिका मांडली होती. त्या अभ्यासिकेचे फर्निचर खऱ्याखुऱ्या राजाच्या दिवाणखान्यात आले. आयलीन ग्रे यांची आरामखुर्ची आणि ल कॉर्ब्युझिए व शार्लोत पेरियाँ यांची लांबट विश्रामखुर्ची आली. लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स यांनी काच आणि धातू यांचे पलंग घडवले. इव्हान द सिल्व्हा ब्रून्स यांचे भौमितिक नक्षीचे गालिचे जमिनीवर पसरले. ग्रंथालयात मुथेसियुस यांच्या लाल खुर्च्या होत्या. वाचणाऱ्याच्या खांद्यामागून प्रकाश पडावा म्हणून त्यांच्या पाठीतच दिवे बसवलेले होते. एक खुर्ची आणि एक दिवा यांची ही सांगड पाहिली, की या घराचे तत्त्व कळते. कोणतीही वस्तू केवळ दिमाखासाठी ठेवायची नाही आणि तिच्या उपयोगाचा शेवटपर्यंत विचार करायचा.

हेच तत्त्व जेवणाच्या मेजापर्यंत गेले होते. माणिकबागेतील चांदीची भांडी आणि काटे-चमचे पॅरिसच्या ज्यां प्युईफोर्का यांचे. १८२० पासून चांदीकाम करणाऱ्या घराण्यात १८९७ मध्ये त्यांचा जन्म झाला. पण केवळ पिढीजात धंदा पुढे चालवणे त्यांना पुरेसे वाटले नाही. त्यांनी शिल्पकलेचे रीतसर शिक्षण घेतले आणि नंतर भांड्यांकडे शिल्पकाराच्या नजरेने पाहिले. वेलबुट्टी, फुले, नक्षी असे सगळे त्यांनी दूर केले. चेंडूसारखा गोल, नळकांडे, शंकू अशा मूळ आकारांतून त्यांची चहादाणी, वाडगे आणि तबके जन्माला आली. गणितातील सुवर्णप्रमाण वापरून ते एकेका वक्राचे माप ठरवीत. नक्षीऐवजी गुळगुळीत चांदीवर पडणारा प्रकाश हाच त्यांच्या भांड्यांचा अलंकार असे.

अशा विचाराचे प्युईफोर्का हे एकटे नव्हते. युरोपच्या उत्तरेला, डेन्मार्कमध्ये, तीच वाट अधिक जुनी होती. गेऑर्ग येन्सेन या सुरीकारखान्यातील कामगाराच्या मुलाने सोनारकी शिकून घेतली, मग कोपनहेगनच्या कला अकादमीतून १८९२ मध्ये शिल्पकलेचे शिक्षण पूर्ण केले. मूर्ती घडवून पोट भरेना, तेव्हा १९०४ मध्ये त्याने चांदीकामाचा छोटासा कारखाना थाटला. मूर्तीत न मावलेली शिल्पकला मग त्याच्या चमच्यांत, सुरयांत आणि वाडग्यांत उतरली. हातोडीचे बारीक ठसे तो पृष्ठभागावर मुद्दाम राहू देई. मुठीला एखादी कळी, टोकाला फळांचा घोस. त्याचा सहकारी योहान रोडे याने १९२० मध्ये आखलेली एक सुरई इतकी निरलंकृत होती, की ती लोकांना रुचणार नाही या शंकेने पाच वर्षे बाजारात आणलीच गेली नाही. आज तीच सुरई डॅनिश आधुनिकतेची नांदी मानली जाते.

डेन्मार्कची कथा येन्सेनबरोबर १९३५ मध्ये संपली नाही. त्याच्याच कारखान्यात शिकलेल्या काय बोयेसन याने १९३८ मध्ये आखलेले साधे काटे-चमचे आधी चांदीत आणि नंतर पोलादात निघू लागले. शिल्पकार हेनिंग कोपेल १९४५ मध्ये येन्सेनच्या कारखान्यात आला आणि त्याची १९५२ ची फुगीर पोटाची सुरई जगभर गाजली. आर्ने याकबसन या वास्तुकाराने १९५७ मध्ये कोपनहेगनमधील एका हॉटेलसाठी स्टेनलेस स्टीलचे काटे-चमचे आखले. राजेरजवाड्यांच्या चांदीत जन्मलेला आकार अवघ्या अर्ध्या शतकात शिक्षकाच्या, कारकुनाच्या घरातील स्टीलच्या चमच्यापर्यंत पोहोचला. शिल्प ताटाशेजारी येऊन बसले आणि तिथेच राहिले.

भांडे आणि शिल्प यांच्यातील सीमारेषा किती पुसट असते, हे यशवंतरावांच्या आवडत्या कलावंताने एका न्यायालयालाच दाखवून दिले होते. रुमानियात जन्मलेला, पॅरिसमध्ये स्थायिक झालेला शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशी याचे 'अवकाशातील पक्षी' हे लखलखीत ब्राँझचे शिल्प १९२६ मध्ये अमेरिकेत पोहोचले, तेव्हा जकात अधिकाऱ्यांना त्यात पक्षी दिसेना. त्यांनी ते स्वयंपाकघरातील भांडी व रुग्णालयाचे साहित्य या सदरात टाकून चाळीस टक्के कर आकारला. खटला उभा राहिला आणि १९२८ मध्ये न्यायालयाने ही कलाकृतीच आहे, असा निवाडा दिला. चोच नाही, पंख नाहीत, आहे ती केवळ वर झेपावणारी एक निमुळती रेषा. यशवंतरावांनी या पक्ष्याचे ब्राँझमधील एक रूप विकत घेतले आणि आणखी दोन, एक काळ्या व एक पांढऱ्या संगमरवरातील, खास घडवून घेतली.

या तीन पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर उभारायचे, असे यशवंतराव आणि ब्रांकुशी यांनी ठरवले होते. आत पाण्याचे शांत कुंड, वरून येणारा प्रकाश आणि त्यात उजळणारे पक्षी अशी ती कल्पना. त्यात कोणत्याही एका धर्माची पूजा अभिप्रेत नव्हती. एकट्या माणसाने स्वतःपाशी बसावे, एवढेच तिचे प्रयोजन होते.

ते मंदिर उभे राहिले नाही. १९३७ मध्ये संयोगिताराजे यांचे स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले. त्यांनी वयाची पंचविशीही गाठलेली नव्हती. कन्या उषाराजे अवघी तीन वर्षांची होती. ज्या नजरेशी आपली नजर जुळवून हे घर उभारले, तीच मिटल्यावर यशवंतरावांचे त्या घरातले मन उडाले. ठरल्याप्रमाणे ब्रांकुशी त्या वर्षाच्या अखेरीस बोटीने निघून इंदूरला आला. परंतु मंदिराच्या कामाला गती मिळाली नाही आणि १९३८ च्या आरंभी तो रिकाम्या हाताने परतला. मुथेसियुसही दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास, १९३९ मध्ये, भारत सोडून जर्मनीला गेले. आधुनिकतेच्या या उत्सवाला उणीपुरी दहा वर्षेही लाभली नाहीत.

यशवंतरावांनी पुढे दोन विवाह केले. दोन्ही पत्नी अमेरिकन होत्या. प्रकृतीच्या तक्रारी आणि परदेशातील दीर्घ वास्तव्य यांमुळे राज्याला राजाचे दर्शन दुर्मीळ झाले, अशी टीका त्यांच्यावर झाली, आणि ती निराधार नव्हती. तरीही त्यांना केवळ विलासी संस्थानिक ठरवणे अन्यायाचे होईल. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना अनावृत पत्र लिहून भारत व ब्रिटन यांच्यातील प्रश्नात मध्यस्थीची मागणी केली. एका मांडलिक राजाने साम्राज्याला डावलून असे पत्र लिहिणे धाडसाचेच होते. त्यांच्या आश्रयाखालील होळकर संघाने सी. के. नायडू, मुश्ताक अली यांच्यासारख्या खेळाडूंच्या बळावर १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. इंदूरचे मोठे सरकारी रुग्णालय आजही महाराजा यशवंतराव यांच्याच नावाने ओळखले जाते.

स्वातंत्र्यानंतर २८ मे १९४८ रोजी इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. ग्वाल्हेरचे शिंदे राजप्रमुख झाले आणि यशवंतराव उपराजप्रमुख. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेबरोबर तेही पद गेले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय होते अवघे त्रेपन्न.

त्याच वर्षी, १९६१ मध्ये, अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. या संस्थेची बीजे चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात होती. भारतभर फिरलेल्या या जगप्रसिद्ध डिझाइनरांना सर्वांत सुंदर वाटली ती वस्तू कोणत्याही राजवाड्यातील नव्हती. तो होता आपला साधा लोटा. डोक्यावर, कमरेवर, हातात त्याचा तोल कसा राहतो, पाणी किती आणि कसे पडते, मान केवढी हवी, धातू कोणता, घासायला सोपा की अवघड, अशा शेकडो प्रश्नांची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्यांच्या तांबटांनी आपल्या हातोडीने दिली होती. त्यावर कोणाचीही सही नव्हती. शिल्पकाराच्या नजरेने घडवलेले, रोजच्या वापरातील धातूचे भांडे ज्याला म्हणावे, ते मराठी घरात तांब्या-पेल्याच्या रूपाने चुलीशेजारी आधीपासून होतेच.

माणिकबागेचे यश आणि अपयश या दोहोंचे मर्म इथे आहे. यशवंतरावांची दृष्टी अस्सल होती. जे कलावंत तेव्हा आपापल्या देशांतही वादग्रस्त होते, त्यांना त्यांनी कामे दिली आणि विश्वासाने मोकळीक दिली. मात्र डेन्मार्कमध्ये जे घडले, ते इंदुरात घडले नाही. येन्सेनच्या भोवती कारागीर होते, शिकाऊ मुले होती, विकत घेणारा मध्यमवर्ग होता. म्हणून एकाची वस्तू दुसऱ्याच्या हातात गेली आणि बदलत बदलत सर्वांची झाली. माणिकबागेत वस्तू आल्या, त्या घडवणारे हात आले नाहीत. इंदूरच्या ठठेऱ्याला प्युईफोर्काची चांदी पाहण्याची संधी मिळाली नाही आणि प्युईफोर्काच्या नजरेला माळव्याचा लोटा पडला नाही. दोघांना एकमेकांशेजारी बसवणारी शाळा निघाली असती, तर कदाचित आपल्या घरांतील स्टीलच्या ताटवाट्यांचा इतिहास वेगळा झाला असता. स्वातंत्र्यानंतर तांब्या-पितळेला आणि कल्हईला मागे सारून स्टील आले, ते मात्र फारसा कोणी विचार न करताच आले.

पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. माणिकबागेतील सामान जगभर पांगले. काळा आणि पांढरा पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतले. ब्राँझचा पक्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने या आधुनिक महाराजावर मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा पांगलेल्या अनेक वस्तू काही महिन्यांपुरत्या एकत्र आल्या. माणिकबागेची वास्तू सरकारकडे गेली आणि तिथे अबकारी व सीमाशुल्क खात्याचे कार्यालय थाटले गेले. ब्रांकुशीच्या पक्ष्याला भांडे समजून कर लावणारे ते जकात अधिकारी आणि त्या पक्ष्याच्या मालकाचे घर यांची अशी गाठ पडावी, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

घराण्याची कथा मात्र एका निराळ्या वळणाने पुढे गेली. यशवंतरावांचे पुत्र रिचर्ड होळकर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस पत्नीसह महेश्वरमध्ये 'रेहवा' ही संस्था सुरू करून, अहिल्याबाईंनी वसवलेल्या विणकरांच्या मागांना पुन्हा काम मिळवून दिले. तिथे नर्मदेच्या घाटावरील दगडी नक्षी साडीच्या काठावर उतरते आणि ती साडी रोज नेसली जाते. वडिलांनी सौंदर्य जगातून घरात आणले. मुलाने घराशेजारच्या हातांना ते जगापर्यंत नेऊ दिले. चौंडीच्या लेकीने दोनशे वर्षांपूर्वी जे ओळखले होते, तिथेच ही वाट पुन्हा येऊन मिळाली.